आईचा ढिला टाका

बाबा जालन्यातल्या माडीवरच्या एका कापड दुकानात गादीवर बसायचे. मालक शेटजी होते, ते गल्ल्यामागे बसत. बाबा गिऱ्हाइकासमोर बसत. खाली पांढरी चादर ताणून घातलेली गादी, पाठीशी थानांनी भरलेली कपाटं, मांडीवर लोखंडी मीटर. त्यांच्याकडे बस्त्याचं काम असे. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं एकत्र येऊन लग्नाचं सगळं कापड एकाच बैठकीत घेतात, त्याला बस्ता म्हणतात. भोकरदनकडची, आष्टीकडची माणसं दारात चपला काढता काढताच बाबा आहेत का म्हणून विचारत, आणि नसले तर समोरच्या रसवंतीत जाऊन थांबत.

बस्ता दाखवणाऱ्यानं मध्येच उठायचं नाही, असा बाबांचा नियम होता. वरमाय आणि वधूमाय यांचं कसंबसं एका रंगावर जुळलेलं असतं, आणि दाखवणारा समोर बसून आहे तोवरच ते टिकतं. तो पाणी प्यायला उठला की त्या दोघी एकमेकींकडे बघतात, आणि मग पुन्हा पहिल्या साडीपासून सुरुवात. म्हणून बाबा तीन-तीन तास मांडी मोडत नसत. घरी मात्र पाच मिनिटंसुद्धा एका जागी बसत नसत, ही आईची जुनी तक्रार होती.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. औरंगाबादला. गाठ निघाली, जखम भरली, सगळं व्यवस्थित झालं. फक्त लघवीवरचा ताबा गेला. तो हळूहळू परत येईल, काहींचा लवकर येतो, काहींचा उशिरा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाबा उशिरावाल्यांत निघाले.

आमच्या घरात या गोष्टीला नाव नव्हतं. आई ‘त्यांचं ते’ म्हणायची. मी काहीच म्हणत नसे, कारण मी मुलगी होते आणि मला ते माहीतच नाही असं ठरलेलं होतं. बाबा तर त्या विषयाच्या आसपासही फिरकत नसत. बाहेर कंबर धरलीय असं सांगितलं. त्यामुळे कंबरेवरची तेलं येऊ लागली. प्रत्येक भेटायला येणारा एक बाटली घेऊन येई, आणि आई ते तेल दारांच्या बिजागऱ्यांना घाली. त्या वर्षी आमचं एकही दार वाजत नव्हतं.

बाबा मोरीजवळ लाकडी स्टूल टाकून बसत. गादी, सतरंजी, कॉट, ज्याच्यावर डाग राहील अशा कशावरच बसत नसत. दिवसभर पेपर वाचत, आणि पेपर संपला की कालचा वाचत. शेटजींनी दोनदा निरोप पाठवला की लग्नसराई तोंडावर आलीय, नुसते येऊन बसा, उचलठेव दुसरं कुणी करील. नुसतं बसणं हीच तर अडचण होती, पण ती निरोप घेऊन आलेल्या माणसाला कशी सांगणार. बाबा दोन्ही वेळा “पाहू” म्हणाले. त्यांनी पांढरं धोतर नेसायचं सोडून दिलं आणि गडद निळी लुंगी घ्यायला लागले, तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. हा माणूस आता त्या स्टुलावरच म्हातारा होणार, असं वाटलं.

मोठ्या माणसांचे डायपर मोठ्या शहरांत मिळत असतील. आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधाचं दुकान होतं, पण तिथे काही विचारलं की संध्याकाळपर्यंत चौकशीला माणसं येत.

मी तेव्हा बियाण्याच्या एका कंपनीत उगवण तपासणीला होते. काम साधं. ओल्या कागदावर मोजून बी मांडायचं, गुंडाळी करायची, कपाटात उभी ठेवायची आणि ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवलं ते लिहायचं. उन्हाळ्यात लाईट गेली की कागद वाळून जात आणि चांगलं बी मेलेलं निघे. त्याच सुमारास एक विक्रेता साहेबांकडे साखरेसारख्या पांढऱ्या दाण्यांची पिशवी ठेवून गेला. चिमूटभर दाणे पेल्यात टाकले की ते पेलाभर पाणी पिऊन फुगत आणि पेला उपडा केला तरी पाणी सांडत नसे. साहेब त्याला पॉलिमर म्हणत, आम्ही दाणेच म्हणायचो. हे दाणे कागदावर बसवता आले तर कागद आठवडाभर ओला राहील, असं साहेबांच्या डोक्यात आलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

दाणे बसवणं हा प्रकार दिसतो तितका सोपा नाही. नुसते भुरभुरले तर कागद उचलला की सगळे एका कोपऱ्यात गोळा होतात. डिंकानं चिकटवले तर चिकटतात, पण डिंक त्यांचं तोंडच बंद करतो आणि मग ते पाणी पीत नाहीत. कणकेची खळ लावून पाहिली, तर दाण्यांनी खळीतलंच पाणी पिऊन टाकलं आणि कागदावर साबुदाण्याची खिचडी झाली. शेवटी एक जमलं. कागदावर अगदी बारीक फवारा मारायचा, दवाइतका, त्यावर दाणे पसरायचे. जरासं पाणी लागलं की ते चिकट होतात आणि कागदाचे तंतू धरतात. वर कापड ठेवून इस्त्री दाबली की वाळून जागेवर बसतात, आणि तोंड उघडंच राहतं. मला माझा अभिमान वाटला. मग त्या कागदावर बी मांडलं, तर इतकी ओल झाली की सगळं सडलं. साहेबांनी तो विषय बंद केला आणि पिशवी कपाटात गेली.

ती कपाटात सहा महिने होती. मी रोज ते कपाट उघडत होते आणि रोज घरी जाऊन बाबांना स्टुलावर बघत होते, तरी दोन्हींचा संबंध माझ्या लक्षात यायला सहा महिने लागले. बीएस्सी झालेली मुलगी म्हणून आई मला लोकांना दाखवायची, ती मीच. लक्षात आलं त्या दिवशी मी साहेबांना विचारून पिशवी घरी आणली. पिशवीवर खाण्यासाठी नाही असं लिहिलं होतं. बसण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

बाबांशी बोलायचं कसं, हा प्रश्न होता. मी नव्या मांजरपाटाचा तुकडा घेऊन त्यांच्यासमोर बसले, त्यावर पाणी टाकलं आणि कंपनीत एक प्रयोग चालू आहे असं सांगितलं. पाणी कापडावर गोळ्या होऊन राहिलं. बाबांनी पेपर खाली घेतला.

“नव्या कापडाला काय पाजून राह्यली?” ते म्हणाले. “त्याच्यात गिरणीची खळ अस्ती. ती गेल्याबिगर कापड पानी पीत न्हाई.”

“मग कोणतं घेऊ?”

“जुनं धोतर घे. धा वर्सं धुतलेलं. मधी फ्लॅनेल घाल, त्याला लव अस्ती, तुझे दाने धरून ठिवल.” मग ते म्हणाले, “माझं घे. पेटीत हाय.” आणि पुन्हा पेपर वर घेतला. प्रयोग कशाचा, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं, आणि मला कळलं होतं की त्यांना कळलंय. पुढचे दोन महिने आम्ही या एवढ्यावर काम केलं. बाबा त्या वस्तूला ‘नमुना’ म्हणू लागले.

पहिला नमुना मी कंपनीत तपासला. फ्लॅनेलवर दाणे सुरेख बसले होते, आणि त्यानं तांब्याभर पाणी टिपून घेतलं. मी आनंदात घरी आणला. घरच्या बोअरच्या पाण्यावर तो निम्म्यावर आला. मीठ घातलेल्या पाण्यावर तर पाव तांब्याला हात टेकले. कंपनीत मी डिस्टिल्ड वॉटर वापरलं होतं. क्षार आला की हे दाणे पाणी कमी पितात, आणि बाबा म्हणजे काही डिस्टिल्ड वॉटर नव्हेत. मी दाणे वाढवले.

शिवायचं काम अर्थात आईकडे गेलं. आईच्या गोधड्या सगळ्या गल्लीत नावाजलेल्या होत्या. बायका जुन्या साड्या घेऊन यायच्या आणि आई हातानं शिवून द्यायची. एक ओळ आणि दुसरी ओळ यांच्यात नखाएवढं अंतर, आणि टाका इतका बारीक की मोजायला भिंग लागावं. नमुना लंगोटासारखा, कंबरेला पट्टा असलेला, आणि तिनं तो तसाच शिवला. वर धोतर, मध्ये दाणे बसवलेलं फ्लॅनेल, खाली प्लास्टिकचा कागद, आणि त्या सगळ्यावरून नखानखाच्या अंतरानं धावदोरा. वस्तू इतकी देखणी झाली की ती कशासाठी आहे हे विसरायला व्हावं.

मी त्यावर मिठाचं पाणी ओतलं. पाणी वरून वाहून गेलं. थोडं आत शिरलं, तेवढ्यानं दाणे फुगले, त्यांना जागा मिळेना, आणि कोपऱ्यातली शिवण तटकन उसवून फुगलेला गाळ फरशीवर आला.

“दोराच वाईट निगाला,” आई म्हणाली. दुसरा नमुना तिनं दुहेरी दोऱ्यानं शिवला, आणखी जवळ टाके घालून. तो तर थेंबभरही पिईना. तिसऱ्याला तिनं ओळींवर आडव्या ओळी घातल्या. नमुना बिघडला की आई शिवण घट्ट करी, आणि शिवण घट्ट केली की नमुना जास्त बिघडे. मी तीन वेळा दाण्यांचं प्रमाण बदललं, फवारा बदलला, इस्त्री कमीजास्त केली. आईच्या टाक्यात चूक असेल हे माझ्याही डोक्यात आलं नाही. त्या घरात तशी पद्धतच नव्हती.

चौथ्या वेळी मी मोकळं फ्लॅनेल, न शिवता, परातीत ठेवून पाणी घातलं. ते करंगळीएवढं जाड फुगलं आणि सगळं पाणी पिऊन बसलं. मग मी आईला सांगितलं की टाके चार-चार बोटांवर घाल, आणि दोरा ओढू नको, सैल सोड. दाण्यांना फुगायला जागा पाहिजे.

आईनं सुई खाली ठेवली. “असा टाका माझ्या हातून पडत न्हाई.”

“आई, तो कुणाला दिसणार नाही.”

“मला दिसतो ना. चार बोटं म्हंजी काय पोतं शिवायलीस का? तूच शीव.”

मी शिवायला बसले. मला सुई धरता येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, आणि आईनं ते मला करू दिलं, हा तिचा राग. माझा नमुना दुसऱ्या टाक्याला वाकडा झाला. मी तिला म्हणाले की तुझ्या टाक्यापायी बाबा त्या स्टुलावर बसलेत. असं बोलायला नको होतं. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि दोन दिवस आमच्यात फक्त भांड्यांचा आवाज होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई तांदूळ निवडत होती, मी कंपनीला सुट्टी टाकून उगाच घरात होते. मोरीजवळून बाबांचा आवाज आला. पेपर तोंडासमोरच होता.

“मला बस्त्याला बसायचंय,” ते म्हणाले.

आईचा हात तांदळात थांबला.

“वरीस झालं मला हितं बसून. मुतायचं भ्या वाटतं म्हनून बसलोय. घाल ढिला.”

एवढं सगळं एका दमात. तो शब्द आमच्या घरात वर्षभरात पहिल्यांदा उच्चारला गेला, तोही त्यांच्याच तोंडून, आणि छत कोसळलं नाही. मला रडू आलं, ते मी मुद्दाम आवाज करून नाक शिंकरून घालवलं. आईनं तांदूळ बाजूला सारले, सुई-दोरा घेतला आणि चष्मा काढून ठेवला. चष्मा असला की हात आपोआप बारीक टाका घालतो, असं तिचं म्हणणं. त्या दिवशी तिनं आयुष्यातली पहिली वाईट शिवण घातली. एका बाजूला तोंड उघडं ठेवलं, म्हणजे ढिला दोरा ओढून आतलं फ्लॅनेल काढून टाकता येईल. शिवून झाल्यावर तिनं ती वस्तू माझ्याकडे न बघता माझ्या मांडीवर टाकली.

मग घरीच सराव झाला. बाबा वर्षानंतर पांढरं धोतर नेसले, बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पांढरी चादर घातली, आणि आई गिऱ्हाईक होऊन समोर बसली. बाबांनी तिला तिच्याच पेटीतल्या साड्या एकेक करून दाखवल्या. पदर उलगडून, हातावर फिरवून, रंग पक्का आहे म्हणून सांगत. आईनं प्रत्येकीत खोट काढली. दोन तासांनी ती म्हणाली की हिरवी ठेवा बाजूला. बाबा तीन तास बसले आणि उठून मागे वळून बघितलं. चादर कोरडी होती. “तीन घंटे,” ते म्हणाले, “त्याच्याफुडं भरवसा न्हाई.”

तेव्हापासून ते दहा ते एक दुकानात बसू लागले. एकला घरी यायचे, नमुना बदलायचे, चारला पुन्हा जायचे. वापरलेलं फ्लॅनेल ते स्वतः मागच्या खड्ड्यात पुरत, कुणाला हात लावू देत नसत. रविवारी मी दाणे बसवायचे आणि आई चष्मा काढून शिवायची. असे चार-पाच महिने गेले. स्टूल मोरीजवळून हललं आणि त्यावर कुंडी आली.

पुढच्या लग्नसराईत एक दिवस मी संध्याकाळी कामावरून आले, तर अंगणातल्या दोरीवर एक भली मोठी पांढरी चादर वाळत होती. आमच्या घरात तेवढी चादर नव्हती. ती दुकानातली गादीची होती. मी चपला काढल्या नाहीत, तिथेच उभी राहिले. जी गोष्ट घडू नये म्हणून इतके महिने खपलो तीच घडली होती, भर दुकानात, भर बस्त्यात, आणि मला आधी दाण्यांचा राग आला, मग स्वतःचा. आता पुन्हा ते स्टूल, असंच मनात आलं.

आत बाबा कॉटवर बसून चहा पीत होते. आई समोर. बहुतेक तीही नुकतीच मंदिरातून आली होती, कारण तिच्या हातात अजून पिशवी होती.

“आष्टीकडचे आल्ते,” बाबा सांगत होते. “बारा मान्सं. चार घंटे झाले तरी शालू ठरंना. दोनदा च्या मागवला, न्हाई म्हनता येत न्हाई. मला कळलं आता झालं म्हनून. पर तवर झाल्तंच.”

“मंग?” आई म्हणाली.

“मंग काय. उठलो. चादर वढली. म्हनलं, माझं आपरेशन झाल्तं, हे माझ्याच्यानं झालंय. शेटजी पंख्याकडं बघाय लागले. तर नवरदेवाची आजी बसल्ती, ती म्हनली, दुसरी चादर टाका आन तो मोरपंखी पुन्यांदा दाखवा.”

“अन् तुमी?”

“माघं जाऊन बदलून आलो. पिशवीत दुसरा होता. दुसरी चादर टाकली. दाखवला.”

आईनं थोडा विचार केला. “मोरपंखीच घेतला का?”

“न्हाई. डाळिंबी.”

बाबांनी कपबशी खाली ठेवली. मी दारातच उभी होते, चपलांसकट. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सांगू लागले. बस्ता बांधून झाल्यावर ती म्हातारी बाकीच्यांना पुढे घालून मागे राहिली. तिनं विचारलं की तुमी बदलून आलात ते काय हाय. बाबांनी सांगितलं. ती म्हणाली, आमचे मालक खाली जीपमध्ये बसलेत. सकाळपासून. वर या म्हटलं तर नको म्हणतात.

“नातवाचा बस्ता,” बाबा म्हणाले, “आन आजा चार घंटे जीपमंदी. खालूनच इचारत व्हता म्हने, कोन्ता रंग ठरला.”

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून दुकानाच्या कागदाचा तुकडा काढून मला दिला. त्यावर त्यांच्या अक्षरात कंबरेचं माप होतं. टेप घेऊन ते खाली गेले होते आणि जीपमध्ये बसल्या बसल्याच त्या माणसाचं माप घेऊन आले होते.

आईनं हातातली पिशवी ठेवली. “कवा पायजेल?”

“शुक्रवारी लगीन हाय,” बाबा म्हणाले. “तीन-चार करा. आजा मांडवात बसला पायजे.”